दोन मिनिटं मागे

वादी कबीरच्या दवाखान्याचा तिसरा मजला.
एसी इतका थंड की शीजा सिस्टर शाल पांघरून बसलेली.
खिडकीत डोंगर, काळा, बोडका,
दुपारी तव्यासारखा तापलेला.
आम्ही चौदाजण. शाळांमधल्या समुपदेशक, दोन नर्सेस,
सलालाहून आलेला एक भिडस्त डॉक्टर,
आणि थुरैया, जिला सगळे विचारतात
साखर कुठे ठेवलीय.

इब्तिसामबाई बसऱ्याच्या. सावकाश बोलतात,
प्रत्येक शब्द आधी पाण्यात बुडवून बघितल्यासारखं.
म्हणाल्या, आज नाटक. थुरैया आई.
आणि तू, मुलगा. बारा वर्षांचा.
वडील दुक्मच्या गोदीवर, तीन आठवड्यांनी घरी येतात.
आलेत. आणि तू त्यांच्याशी बोलत नाहीस.

मी सेहेचाळीस वर्षांची, गुडघे दुखणारी,
पाय वर घेऊन बसले खुर्चीत.
थुरैया म्हणाली, मला माहितीये तू असं का करतोस.
म्हणाली इंग्रजीत,
पण मला ऐकू आलं मराठीत, माझ्याच आवाजात:
मी तुला चांगली ओळखून आहे.

नाटकच होतं ते.
तरी घसा आवळला
आणि समोरची फाइल खाली पडली.
पडली म्हणजे, मी पाडली.

थांबा, बाई म्हणाल्या. दोन मिनिटं मागे.
आता आई, तुला जे माहीत नाही
तिथून सुरू कर.

थुरैया बराच वेळ गप्प.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

परभणीला माझ्या आईला सगळे मनकवडी म्हणायचे.
न सांगता ताट वाढायची.
मला भूक नाही
हे मात्र तिला कधीच कळलं नाही.
आणि मीही, चोवीस वर्षं नोकरी करून,
पालकांना समोर बसवून, पेन उघडून,
सांगत आले त्यांच्या मुलांच्या मनात काय आहे.
त्या माना डोलवायच्या. मला ते बरं वाटायचं.

वहीत एकच शब्द लिहिला त्या दिवशी: असेल.
घड्याळाबद्दल म्हणतो आपण, चार वाजले असतील.
भाजीबद्दल, आंबली असेल.
बेल वाजली की, पाणीवाला असेल.
पोटच्या पोराला मात्र थेट आहेस.
आळशी आहेस. हट्टी आहेस.
बापावर गेला आहेस.

मग डॉक्टरची पाळी आली, बाप व्हायची.
तो उभाच राहिला, हातात नसलेली बॅग धरून.
बाईंनी विचारलं, काय चाललंय याच्या मनात?
तो म्हणाला, बूट आणलेत.
एक नंबर लहान होतील अशी भीती वाटतेय.
मग खाली बसला, चष्मा पुसत राहिला.
त्याची मुलं अस्यूतला असतात.
कुणी काही बोललं नाही. बाईंनीही
तो मुद्दा फळ्यावर घेतला नाही.

रात्री रुवीच्या घरी
ओजसच्या खोलीचं दार लोटलेलं. मोजे पॅसेजमध्ये.
जीभ तयारच होती: मला माहितीये तू मुद्दाम.
ते गिळलं. पुढे काय म्हणायचं ते सुचेना.
दाराशी उभी राहून म्हणाले,
आज तुझं काहीतरी बिनसलंय असं वाटलं.
नसेलही. मला नक्की कळत नाहीये.

आत कळफलकाचा आवाज थांबला.
"आई, हे कोर्समधलं आहे ना?"

हो, म्हटलं.

"वाटलंच."
कळफलक परत सुरू. जरा हळू, की मला तसं वाटलं.
मी मोजे उचलले. मग परत ठेवले.
तिथेच जमिनीवर बसले, भिंतीला टेकून,
गुडघे कुरकुरत असताना,
आणि आतून, बऱ्याच वेळाने:
"बसलीयेस का तू बाहेर?"