अर्ज क्रमांक सतरा

फेब्रुवारीतल्या शनिवारी चर्चच्या तळघरात
आम्ही पाचजण बसतो. रेडिएटर खोकतो,
कॉफी पाण्यासारखी पातळ,
आणि बँकेतली कॉर्नेलिया नावांवर काळी पट्टी डकवून
फी-सवलतीचे अर्ज वाटते, पत्ते पिसून वाटावेत तसे.

नावं नाहीत, नुसते आकडे.
पण आयोवाच्या या कोपऱ्यात आकड्यांनाही चेहरे असतात.
क्रमांक तीन : गाई विकल्या, ट्रॅक्टरचे हप्ते थकले.
म्हणजे व्हर्लिन. तो ट्रॅक्टर ओढ्यातून मीच ओढून काढलेला.
क्रमांक नऊ : बायकोची केमोथेरपी.
आम्ही मान खाली घालतो, ओळखलंच नाही असं दाखवतो.
हेही दानच म्हणायचं,
सगळ्यांत स्वस्तातलं.

फी वर्षाला आठ हजार चारशे डॉलर.
चौतीस वर्षं दूध काढलं मी, वजाबाकी मला कळते.

मग क्रमांक सतरा.
एकटी आई. मुलगी दुसरीत.
वृद्धाश्रमात रात्रपाळी,
शनिवारी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात काम,
तासाला आठ डॉलर फीमधून वजा.
उशीर झालेल्या भाड्याची पावती, घडी घालून, टाचून.
आणि खाली एक रकाना :
आजी-आजोबांकडून अपेक्षित मदत.
शून्य.

त्या शून्याच्या पोटातून तिरकी रेघ.

ती रेघ मी शिकवली होती,
गोठ्यातल्या दुधाच्या वहीत,
शून्याचा सहा वाचला जाऊ नये म्हणून.
नऊ वर्षांची होती मार्लिस. पेन्सिल कानामागे खोचायची.

आठ वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मी म्हणालो होतो,
'या घरात असलं काही...'
वाक्य मी पुरं केलं नाही.
ती अर्ध्यावरच निघून गेली, पोटातल्या बाळासकट.

'हीच शाळा का?' या प्रश्नापुढे तिने लिहिलंय :
तिथे शिकवलेलं सगळं मला आता पटत नाही.
पण रात्री तीन वाजता कुणाची चादर बदलताना
ओठांवर येतात ती तिथलीच स्तोत्रं.
माझ्या मुलीकडेही असं काहीतरी असावं.

नियम सोपा आहे : नातेवाइकाने खोलीबाहेर जायचं.
उठलो तर पट्टी निघते.
बसलो तर मी खोटा.

पाळक म्हणाले, 'पाच हजार देता येतील.
उरलेले चौतीसशे हिला झेपतील?'
कुणी उत्तर दिलं नाही.
कॉर्नेलिया पेनाचं टोपण काढत, लावत राहिली.
गेरिट छताकडे बघत होता.
तेव्हा मला कळलं, सगळ्यांना ठाऊक आहे.
ते स्वस्तातलं दान
पहिल्यांदाच माझ्या पदरात पडलं होतं.
जड असतं ते, मला माहीत नव्हतं.

'कॉफी संपली,' मी म्हणालो. किटली अर्धी भरलेली होती.
जिना चढलो. बर्फ गुडघ्याला लागत होता.
खिशात चेकबुक.
एकेका वळूसाठी याहून मोठे चेक फाडलेत मी,
हात कधी कापला नाही.
पण उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात,
आणि माझा उजवा आयुष्यभर
डाव्याला सांगतच आलाय.

समोर दुकानाचा दिवा चालू होता.
आत ती लहान मुलांचे कोट हँगरला लावत होती,
केसांत पांढरं दिसू लागलंय.
घंटी वाजली. तिने पाहिलं. काही म्हणाली नाही.

मी टोपलीतून लाल लोकरीचे हातमोजे उचलले.
'दोन डॉलर,' ती म्हणाली.
मी पाचाची नोट दिली.
तिने तीन परत मोजले माझ्या तळव्यावर,
एक. दोन. तीन.

'हे होतील का तिला?' मी विचारलं.

बराच वेळ ती मोज्यांकडे बघत राहिली.
मग आपला पंजा वर धरला
आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने, मधल्या पेराच्या जरा वर,
दाखवलं : इथपर्यंत.