सात नंबरचं कलिंगड

पाकिटात सोळा डॉलर घाला, वर गाडीचा नंबर लिहा,
लोखंडी नळीत टाका. सुटे मागू नका.
खायचं सगळं पोलादी पेटीत, टूथपेस्टसुद्धा;
अस्वलाला पुदिना वर्ज्य नाही.
एवढं सांगितलं की माझं काम संपतं.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता उन्हाळाभर तंबूंच्या बारा जागा सांभाळते,
एक फावडं, एक खराटा,
आणि हा ओढा, जो कुणालाच सांभाळता येत नाही.

शुक्रवारी सात नंबरवर रस्टन आला, बॉइझीहून,
बायको नाही, मुलगी बरोबर.
तंबू नवा, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेल्या.
मारिट, नऊ वर्षांची, गाडीतून उतरली
ती कलिंगड पोटाशी धरून.
ओढ्यात दगडांचं आळं रचलं तिनं,
दात वाजत होते तरी एकेक दगड निरखून,
आणि मधोमध ते ठेवलं, गार व्हायला.

मी म्हटलं, झोपायच्या आधी वर काढ गं.
बर्फाचं पाणी आहे हे.
दुपारी तिकडे कड्यावर जे वितळतं
ते चालत चालत इथं पोचतं मध्यरात्री.
आत्ता तुझ्या मानेवर आहे ना, तेच ऊन
रात्री एकला येईल, पाणी होऊन.

बापानं मान हलवली.
न ऐकणारे अशीच हलवतात;
बसच्या आरशात मला शेवटचा बाक दिसायचा.

मग शेकोट्या विझल्या. बारा नंबरचा कुत्रा गप्प झाला.
लॉजपोलची झाडं एकमेकांना घासत कुरकुरत राहिली,
म्हाताऱ्या खाटा कुरकुरतात तशी.
ओढ्याचा आवाज आधी फक्त जाड झाला,
मग त्यात दगड बोलू लागले,
तळाशी, बंद दारामागं कुणी कपाट सरकवावं तसे.

टॉर्च घेऊन गेले, तर ती आधीच काठावर,
बापाचं जाकीट गुडघ्यापर्यंत.
आळं नव्हतं. नुसतं पांढरं, धावणारं पाणी.
रडली नाही. एवढंच विचारलं,
"समुद्रात जाईल का ते?"
मी मनात मोजलं: हा ओढा, मग नदी, मग मोठी नदी,
मधे ती धरणं.
म्हटलं, मासे तिथूनच येतात इथं, नऊशे मैल,
तेही चढणीनं.
"मग त्याला तर उतारच आहे," ती म्हणाली,
आणि झोपायला गेली.

सकाळी खालच्या कुरणातून एलिसेओ आला, घोड्यावर.
पेरूचा. बाराशे मेंढ्या, दोन कुत्रे, चाकांवरची एक खोली,
जून ते सप्टेंबर बोलायला कुणी नाही.
खोगिराच्या पिशवीत अर्धं कलिंगड,
कडेला लोकर चिकटलेली.
पडलेल्या ओंडक्याशी अडकलं होतं म्हणे;
अर्धं त्यानं खाल्लं होतं, उभ्याउभ्याच.
हे सांगताना टोपी हातात घेतली,
चोरी कबूल करावी तशी.

रस्टनला काय बोलावं सुचेना. त्यानं कॉफी ओतली.
मारिटनं शाळेतलं स्पॅनिश काढलं: आकडे, रंग, वार.
"लाल," ती म्हणाली. "लाल," तो म्हणाला.
"शनिवार." तो थबकला. खरंच शनिवार होता का,
त्याला माहीत नव्हतं.
चौघांनी ते उरलेलं खाल्लं, लोकर वेचत,
बिया राखेत थुंकत,
आणि त्याच्या घोड्याला सालं.

रविवारी तंबू आवरताना पाहिलं,
मारिट काठाशी बसली होती, खिशातून सफरचंद काढत.
या वेळी दगड नाही रचले. सोडूनच दिलं.
नववा नियम माझ्याच हातानं रंगवलाय त्या फळीवर:
ओढ्यात खाद्यपदार्थ टाकू नयेत.
मी खराटा घेतला आणि चार नंबरची राख झाडायला गेले,
जिथं आठवडाभर कुणी उतरलं नव्हतं.

संध्याकाळी नळी उघडली. सात नंबरच्या पाकिटात
दोन डॉलर कमी.