डावा चार, उजवा पाच

फोनवर तू एवढंच म्हणालीस, क्लेमेंसिया,
"येताना बूट आण. पांढरे. माप तुला ठाऊक आहे,"
आणि रेंज गेली.
वांशी बेटावर ती अशीच येते-जाते म्हणे,
भरतीइतकासुद्धा तिचा भरवसा नाही.

माप ठाऊक आहे.
डावा चार, उजवा पाच.
मिरजेच्या नर्सिंग हॉस्टेलात दर जूनला
आपण एकसारखे दोन जोड घ्यायचो,
आणि उरलेला चुकार जोड
(उजवा चार, डावा पाच)
तू कागदात गुंडाळून खाटेखाली ढकलायचीस.
तिसरीत ताप आला, एक पाय मागे राहिला,
हे तू एकदाच सांगितलंस, रात्रपाळीत,
सलाइनच्या बाटल्या मोजता मोजता.
मी म्हटलं, "सतरा झाल्या," तू म्हणालीस, "अठरा."

या वेळी दोन जोड घेतले नाहीत.
सातपुत्यांना कागदावर दोन पावलं काढून दिली.
"बायका दोन आहेत का?"
"एकच. नवरी."
पैसे त्यांनी कमी केले नाहीत,
पण डाव्याची टाच उसवून तीनदा शिवली.

फोंड्याला उतरले. माशेलची बस. मग कुंभारजुव्याचा धक्का.
होडीत आधीच बसलेलं तुझं लग्न:
गोणपाटात बर्फाच्या लाद्या, चाळीस खुर्च्या,
एक भलामोठा ढोल,
आणि ट्रम्पेट मांडीवर घेऊन पेंगणारा म्हातारा लुर्दीन.
मी खोका छातीशी धरून बर्फाला टेकले.

आणि मधोमध, जिथून तुझ्या कपेलाचा क्रूस दिसतो
पण दार दिसत नाही,
तिथे सुकती लागली.
होडीचं पोट चिखलाला टेकलं
तसा इनासने बांबू आडवा ठेवून विडी काढली.
"राव गो बाय. न्हंय कोणाचेंच आयकना."

चार वाजले. घंटा झाली.
खारफुटीतला बगळासुद्धा उडाला नाही.
मी लुर्दीनला म्हटलं, "इथूनच वाजवा ना काहीतरी."
त्याने एक डोळा उघडला.
"आनी नाचतलो कोण? कुल्ल्यो?"

मग मीच पाय खाली टाकला.
गुडघ्यापर्यंत गेला.
काळा, ऊन चिखल, शेवाळ-कालवांचा वास,
इनासने दंडाला धरून वर ओढलं
तेव्हा खोका कोरडा होता
आणि माझी एक चप्पल नदीने ठेवून घेतली होती.
दुसरी मीच देऊन टाकली. एकटीचं काय करायचं?

बर्फ वितळून आमच्या पावलांखालून वाहत राहिला.
साडेसातला होडी आपसूक हलली,
कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी.

तू मांडवाच्या मागे भेटलीस. लग्न लागलेलं.
"अनवाणी उभी राहिले," म्हणालीस.
"उजवं पाऊल जमिनीवर, डावं चवड्यावर,
पाऊण तास. ब्राझला वाटलं, मी भीतीने थरथरतेय."
हसलीस, मग खोका उघडून गप्प झालीस.
बोट आत घालून टाच चाचपलीस.
पहिल्यांदाच, दोन्ही पायांना एकाच खोक्यातले बूट.

मग माझ्या पायांकडे पाहिलंस.
आत गेलीस, झगा धरून, पलंगाखाली वाकलीस,
आणि कागदातून काढलेस
मिरजेचे चुकार बूट. तीनही वर्षांचे. कोरे.
मला वाटायचं, टाकून दिले असशील.
"टाकायचे कसे? अर्धे पैसे तुझे होते."

उजवा मला चावला, डावा घसरत राहिला.
लुर्दीन आता जागा होता, गाल फुगवून वाजवत होता,
तू सरळ नाचत होतीस, झग्याखालून खडखड ऐकू येत होती,
आणि मी, साऱ्या बेटासमोर,
एका बाजूला झुकत,
तुझ्या उलट्या पायाने.

कुणीतरी विचारलं, "हिच्या पायाक कितें जालां?"
तू नाचता नाचता म्हणालीस, "कांय ना.
मिरजेची चाल."

धक्क्यावरून इनास हाका मारत होता,
भरती उतरायच्या आत निघायला हवं.
मी ऐकलं नाही असं केलं.
नदीनेही कुठे माझं ऐकलं होतं?