निर्लेखन

एकशे अठ्ठेचाळीस नग.
रजिस्टरात लाल शिक्का: निर्लेखित.
नायगावच्या शस्त्रागारात मी त्यांना
एकेक करून रॅकवरून उतरवतो,
टेबलावर आडव्या ठेवतो, नंबर वाचतो,
कारकून खूण करतो, जांभई देतो.

थ्री-नॉट-थ्री. सगळे एकाच नावानं हाक मारतात.
माझ्या हाताला त्या वेगळ्या लागतात.
हिचा बोल्ट जुलैत रुसायचा.
हिच्या दस्त्यावर कुणा शिपायानं खिळ्यानं 'ग' कोरलाय,
गणपत, गंगाराम, की नुसता गप्प.
हिच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली,
ईशापूरची, अशी दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

धैर्यवान आले ते या तारेसाठी,
असं मला वाटलं.
ठाकूरद्वारचे. बुशशर्टच्या खिशात भिंग.
घरी काचेमागे चार बंदुका, चारही मुक्या केलेल्या,
कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत सोबतच.
एक चारशे दहाची मस्कट आहे म्हणाले,
आणि हवेत तिची लांबी दाखवली,
घोळ मासा दाखवावा तशी.

मी नियम सांगितला.
साहेब, हा बोअर बंदीतला.
ऑर्डर एकच आहे: कापा, वितळवा, दाखला घ्या.
म्हणाले, न्यायची नाहीच. बघायची आहे.

मग रुमालातून काढली पुंगळी.
पितळ काळवंडलेलं, तोंडाशी चेपलेलं.
थोरल्या भावानं उचललेली, हाफ पँटच्या वयात,
गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला त्या संध्याकाळी.
गरम होती. तळहाताला फोड आला.
आठवडाभर फोड दाखवत हिंडला पोरांमध्ये.
त्या गोळीनं पडलं कोण,
ते घरात कधी निघालं नाही.
भाऊ मार्चमध्ये गेला.
त्याच्या ड्रॉवरमध्ये हीच, आणि रेशनकार्ड.

"पिनचा ठसा अंगठ्यासारखा असतो ना?
चाळीस वर्षं बंदुका बघतोय मी.
लोकांना वाटतं, शौक."

काय सांगणार.
असतो ठसा. पण पिन झिजते, बदलते,
बोल्ट या बंदुकीचा त्या बंदुकीत जातो,
नळी पुण्याहून येते, दस्ता कुठल्यातरी मेलेलीचा.
मीच बदललेत, माझ्या आधी उस्ताद सय्यदांनी.
या खोलीत एकही बंदूक
अख्खी स्वतःची नाही.

तरी जुनं रजिस्टर काढलं.
पान सापडलं, नशीब म्हणा.
फैरी पाच. पुंगळ्या जमा चार.
एक गहाळ, शिपायास ताकीद.
नंबर होता तिथे वाळवीचं भोक,
आणि भोकातून
खालच्या पानावरचा साबणाचा हिशेब.

धैर्यवानांनी भिंगानं ते भोकच बराच वेळ पाहिलं.

मंगळवारी दारूखाना.
नाव तेवढं स्फोटक, आत जहाजांची हाडं.
शमीमनं गॉगल चढवला, गॅस पेटवला,
एक नळी, तीन तुकडे, एक नळी, तीन तुकडे.
साक्षीदार म्हणून मी मोजत होतो.
'ग' आला तेव्हा मोजणी चुकली,
पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.
तांब्याची तार वेगळी काढली, किलोचा भाव वेगळा.
दस्ते शेकोटीला गेले असतील,
अक्रोडाला अळशीचा वास होता, दूरवर गेला.

ते फाटकाबाहेर उभे होते, आत सोडत नाहीत.
परत निघताना माझ्या हातात पुंगळी ठेवली.
मी म्हटलं, अहो, ही भावाची.
म्हणाले, ही सरकारची.

आता शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय:
नग १४८ नष्ट. पुंगळी १, उशिरा जमा.
साहेबांनी न वाचता सही केली,
आणि कोपऱ्याकडे बघून विचारलं,
तो तेलाचा डबा
अजून कशाला ठेवलाय?