पत्ता : सुरसागरच्या मधोमध

तीन महिने आमचं दुकान पाण्यात होतं.
नकाशावर ती लाल टाचणी कुणी टोचली, देव जाणे,
‘कर्णिक रबर स्टॅम्प’ शोधलं
की यायचं सुरसागर तलाव, अगदी मधोमध,
महादेवाच्या पायांपासून हाकेच्या अंतरावर.
काठावरून फोन यायचे :
बेन, आम्ही पोचलो, तुम्ही कुठे?
मी सांगायचे, पाण्याकडे पाठ करा,
दांडिया बाजाराकडे चालू लागा,
झेरॉक्सवाला, मग एक बंद शटर,
त्यापुढचं उघडं ते आमचं.

एक वकील घाम पुसत आले नि म्हणाले,
बुडीत धंदा म्हणतात तो हाच का?
मीही हसले.
हिशेबाची वही तेवढी आधी मिटली.

मला उलटं वाचायला सासऱ्यांनी शिकवलं.
शिशाचे खिळे चिमट्यात धरून
‘खरी प्रत’, ‘मिळाले’, ‘चेअरमन’,
ओळ पाठमोरी लावत जायचे.
आपल्याला उलटं दिसलं की लोकांना सुलट दिसतं, म्हणायचे,
आणि गुजरातीत जास्त जपायला लावायचे :
तिच्या डोक्यावर रेघ नाही,
एखादं अक्षर खाली घसरलं
तर कुणी ओरडून सांगत नाही.

आता अक्षरं मशीन कोरतं.
आणि कागदच शिक्का मागेनासे झाले.
मोबाइलवर सहा आकडे येतात,
ते सांगितले की माणूस खरा.
दिवसाला चार शिक्के, कधी दोन,
कधी नुसतीच शाईची बाटली.

झेरॉक्सवाल्याचा जिगर म्हणाला, मावशी, फोन द्या.
बारावी नापास, पण बोटं अशी चालतात
जशी सासऱ्यांची खिळ्यांच्या पेटीत चालायची.
त्याने भावांची यादी चढवली,
रात्री आपोआप जाणारा ‘नमस्कार’ बसवला,
आणि गल्ल्यावर चिकटवला पैसे घ्यायचा काळा-पांढरा चौकोन.
मी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं त्याच्याकडे.
शिक्काच की हा,
पण डावीकडून, उजवीकडून, आरशात धरूनही
मला वाचता येईना.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

कुणीतरी एक तारा दिला होता :
‘दुकान सापडलं नाही.’
मी खाली लिहिलं, ‘खरं आहे.’

दुरुस्ती सुचवली.
उत्तर आलं, सूचना तपासली जात आहे.
पुन्हा सुचवली. पुन्हा तपासली जात आहे.
जिगर म्हणाला, पाटीसकट फोटो पाठवू,
आणि माझ्या शेजारी उभं राहून त्याने हात लांब केला.
मी पाहिलं, म्हटलं, छान आलाय.
तो म्हणाला, अहो मावशी, नाव उलटं आलंय!
मला कळलंच नव्हतं.
मी सरळ वाचत गेले होते.

त्याच आठवड्यात रात्री पावणेबाराला
डभोईच्या कुणा शाळेतल्या बाईंचा निरोप :
पहिलीच्या वर्गासाठी दोन शिक्के हवेत.
एक ‘शाबास’.
दुसरा ‘जवळ आलास, अजून एकदा कर’.
एवढं लांब मावणार नाही, मी कळवलं.
त्यांनी लिहिलं, बेन, कापू नका काही.
पैसे आधीच आले होते.
दोन ओळींत बसवलं मग, गुजरातीत,
प्रत्येक अक्षराची बैठक पट्टी लावून तपासली.
पुढच्या महिन्यात त्यांच्याच तालुक्यातून अकरा जणींनी मागवला,
‘शाबास’ कमी, दुसराच जास्त.

टाचणी एका मंगळवारी काठावर आली.
अगदी दारात नाही, दहा पावलं अलीकडे,
त्या बंद शटरवर,
जिथे दिघ्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं
आणि दुपारभर टकटक ऐकू यायची.
आता लोक तिथे थांबतात,
वर पाहतात, पुसट पाटी वाचायचा प्रयत्न करतात,
मग फोन लावतात.
मी डोकं बाहेर काढते, हात हलवते.

जिगर विचारतो, अजून एकदा सुचवू?
मी म्हणते, असू दे रे.
दिघ्यांच्या दारात
चार माणसं उभी राहतात, तेवढंच.