ढिली मूठ

सावद्याच्या मैदानावर मे महिन्यात
मॅटिंगचे खिळेसुद्धा चटका देतात.
लोटनने बॉल माझ्या हातात ठेवला, बोलला काहीच नाही.
पँटीला घासून घासून एक बाजू
आरशासारखी केली होती त्याने,
तेवढ्यावरून कळलं
की तोही घाबरलाय.

सहा बॉल. त्यांना नऊ रन हवे.
ट्रॉलीवर उभी माणसं, डोक्यावर केळीची पानं धरून,
आणि माइकवर हेमराज,
ज्याला गप्प बसवणं अख्ख्या गावाला जमलेलं नाही:
'मंडळी, बॉलिंगला चुडामण नेहते!
मागच्या वर्षीचे दोन वाइड विसरला नसाल!'

कोण विसरलंय.
मागच्या वर्षी बॉल असा आवळला होता
की रात्री भाकरी मोडता येईना,
आणि तर्जनीवर शिवणीचा वळ
थेट सोमवारपर्यंत.

त्यानंतर श्रावणात मी केळी कापायला गेलो,
पालच्या जहांगीर तडवीच्या टोळीत.
आयुष्यात एक ओव्हर टाकलेली नाही या माणसाने.
पहिल्या दिवशी मी घड छातीशी कवटाळून
ट्रकपर्यंत अक्षरशः पळालो.
तो हसला नाही. माझ्या घडाची एक फणी
त्याने गोणपाटाखाली ठेवून दिली.
सहाव्या दिवशी उघडली.
पिवळ्यावर काळी, माझीच चार बोटं
आणि जरा लांब अंगठा.
'केयं असो का तुहा बॉल, भो,
दाबला का काया पडतो.
पडनार नही, एवढाच धर.'

पहिल्याच बॉलला चौका.
ट्रॉलीच्या पत्र्यावर धाडधाड हात.
अकरा पावलं मागे जायचं असतं मला.
ती अकरा पावलं स्कोअरबुकात कुठेच लिहीत नाहीत.
तिसऱ्या पावलाला कळलं, दात दातांवर बसलेत.
सोडले.
पाचव्याला उजवा खांदा कानापाशी सापडला,
त्याला खाली बोलावलं,
नेहमी रुसून बसणाऱ्या पाहुण्याला जेवायला बोलवावं तसं.
शेव तळल्याचा वास येत होता.
सातपुडा उन्हात पुसट, खोडरबर फिरवल्यासारखा.
श्वास बाहेर टाकला, पूर्ण, तळ लागेपर्यंत,
आणि वळलो.

भीती गेली, असं कुणी सांगितलं तर खोटं.
ती माझ्याबरोबर मागे आली, माझ्याबरोबर वळली,
माझ्याबरोबर धावली.
फक्त बॉल तिच्या हातात नव्हता.

डॉट.
डॉट.
मग एक रन, मिडऑनच्या घामट हातातून निसटलेला.
मग पुन्हा डॉट, आणि हेमराज पहिल्यांदाच गप्प.
शेवटच्या बॉलला चार.
समोर भुसावळचा तो रेल्वेतला उंच डावखुरा,
हेल्मेट न घालता, सुपारी चघळत.
भारंबे सरांनी हात आडवा धरून मला थांबवलं,
साइटस्क्रीनपुढून कुणाची तरी बकरी जात होती.
ती जाईपर्यंत मी बॉल
एका हातातून दुसऱ्या हातात सोडत राहिलो,
पडणार नाही एवढाच धरून.

मग तो सुटला.
मी सोडला असं म्हणणार नाही.
पिकलेलं फळ देठापासून आपसूक सुटावं तसा,
नेमका जिथे टाकायचा तिथे,
त्याच्या बुटाच्या टोकाशी.
बॅटची आतली कड,
लेग स्टंपच्या बोटभर बाजूने,
कीपरच्या पायांमधून,
दोन ट्रॉल्यांच्या मधून,
चार.

लोटन पिचवरच बसला. मीही बसलो असतो,
पण पाय थकलेच नव्हते. त्याचीच लाज वाटली थोडी.

जहांगीर मॅचला आला नव्हता,
दिल्लीच्या ट्रकात घड रचत होता.
सोमवारी पहाटे मळ्यात भेटला.
हरलो-जिंकलो काही विचारलं नाही.
'हात कसा व्हता?'
मी पुढे केला.
त्याने तो उजेडाकडे फिरवून पाहिला, उलटा, सुलटा,
फणी तपासतो तसा.
वळ नव्हता.

'मंग चाल,' म्हणाला,
आणि खांद्यावर चुंबळ ठेवली.