चार ठिपके

संध्याकाळी साडेसहाला प्रणिताचं हेल्मेट
माठाच्या तिवईखाली ठेवतो,
पाणी ठिबकतं त्याच्या वीतभर अलीकडे.
मे महिन्यात सावद्याच्या भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या,
आणि बॅटरीला ताप चढला की ती खोटं बोलते.
वायरीच्या टोकाला लोहचुंबक आहे, आपोआप चिकटतं.
ते मी छातीपासून हातभर लांब धरतो.
का, ते पुढे सांगतो.

लाल लागला म्हणजे पितंय.
हिरवा लागला म्हणजे पोट भरलं, असं कंपनी म्हणते.
मी एकतीस वर्षं भुसावळच्या लॅम्परूममध्ये काढली.
बत्तीत तेल किती, ते हलवून कानाने ओळखायचो.
काच पुसायची, वात कातरायची, वहीत लिहायचं:
अमुक नंबर, अमुक तेल, पेटवली अमुक वाजता.
पहिल्या दिवशी हेल्मेटही हलवून पाहिलं.
काही वाजलं नाही.
"मामा, नारय नाही हे," प्रणिता म्हणाली.

मागचं बटण दोन सेकंद दाबलं की ठिपके उजळतात.
चार म्हणजे भरलेलं.
पण चार म्हणजे किती तास?
तिच्या सुट्टीच्या रविवारी मधल्या खोलीत दार लावून
हेल्मेट पेटवलं आणि घड्याळ घेऊन बसलो.
पुढे पांढरा, मागे लाल, लुकलुक, लुकलुक.
मांजर आलं, पाहून परत गेलं.
दोन तास चाळीस मिनिटांनी विझलं.
खोक्यावर पाच लिहिलं होतं.
शेवटचा ठिपका तर सातच मिनिटांचा.
वहीत नोंद केली. खाली सही, सवयीने.

तिची ड्यूटी केळी पिकवायच्या कोठीत, रात्री दहा ते सहा.
गारव्याचा आकडा पाहायचा, गॅस पाहायचा,
हिरवे घड पिवळे होईपर्यंत त्यांच्याजवळ जागायचं.
पंचवीस मिनिटं सायकल,
आणि भरलेले ट्रक अंगाला वारा लावून जातात.

परवा दुपारपासून लाइट गेलेली.
गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसत होते.
तिथे वीज शिजते, आणि इथे मी मेणबत्ती शोधतोय.
आमच्या लहानपणी चिमणी म्हणजे वातीची.
मागितला की उजेड द्यायची बिचारी.
नऊ वाजता बटण दाबलं. दोनच ठिपके.
"आज जाऊ नको वं."
"नव्वद क्रेट आहेत कोठीत. त्यायले काय सांगू?"
मग वही काढली, हिशेब मांडला, म्हटलं जा,
पुढचा मंद ठेव, मागचा मात्र पुरता जळू दे.
पुढचा तुला दिसतो.
मागचा तुझा तुला कधीच दिसत नाही.

मला दिसतो, पाटाच्या पुलापर्यंत.
दोन आखूड, एक लांब.
पुलापलीकडे उतार आहे, तिथे तो जातो.
उतार आहे, बॅटरी नाही, हे मला माहीत असतं.
तरी सिग्नल पडायची वाट पाहावी तसा उभा राहतो थोडा वेळ.

आता ते चुंबकाचं.
माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत,
काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलंय.
सहा महिन्यांनी तपासायला जळगावला जातो.
प्रणिता रात्रपाळी करून तशीच सोबत येते.
डॉक्टर छातीवर चकती ठेवतात.
मी छताकडे पाहतो, ती पडद्याकडे.
"किती?"
"अजून साडेसहा वर्षं तरी."
"आणि खोक्यावर किती लिहिलेलं होतं?"
डॉक्टरांना काही कळलं नाही.
मला असं हसू आलं की पडद्यावरची रेघ हलली.

परतीच्या एसटीत तिने माझी वही मागितली.
शेवटच्या पानावर तारीख घातली, आकडा लिहिला
आणि पेन माझ्यापुढे धरलं.
मी म्हटलं, तूच कर.
सही तपासणाऱ्याची असते,
बत्तीची नाही.